तांबडा दिवा

“तुझी सासू हल्ली मी हाक मारल्याबिगर मला वळखत न्हाय. जरा बघ तिच्याकडं,” मासळीची पाटी उतरवता उतरवता चंद्राबाईनं बजावलं होतं. बिल्किसनं ते हसण्यावारी नेलं. वय झालंय, व्हायचंच असं. कडेवरच्या लेकीला, आफराला, दात येत होते, ती दिवसभर किरकिरायची. सासूकडे बघायला सवड कुणाला होती?

आता मात्र ती दुसरं काही करतच नव्हती. सासूबाई, आतिफाबी, दिवाणावर बसल्या होत्या, आफरा बिल्किसच्या मांडीवर, आणि मधलं अंतर बिल्किसनं मुद्दाम ठेवलं होतं. आगरदांड्याच्या जेट्टीवर आतिफाबी सख्ख्या बहिणीच्या शेजारून सलाम न करता निघून गेल्या, ती बहीण अजून रुसलेली होती. इथे दिघीच्या घरी पाहुण्यांसमोर त्यांनी चहा कपाबाहेर ओतला. आणि परवा तर कहर झाला. आफराला पाजायच्या थेंबांऐवजी त्यांनी कानात घालायच्या औषधाची बाटली उचलली. बिल्किसनं आधी बाटली हिसकावली, मग पोर. घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण ठरून गेलं. अम्मीचं डोकं चालेनासं झालंय. आफरा यापुढे त्यांच्या हाती द्यायची नाही.

आतिफाबींनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. त्यानं बिल्किसला जास्तच भीती वाटत होती.

कैस, तिचा नवरा, दुबईहून सुटीवर आला होता आणि सकाळपासून टीव्हीपुढे ठाण मांडून होता. त्याच्या लहानपणी अब्बांनी आखातातून आणलेला गलबताचा गेम आता नव्यानं बनून आला होता.

“बघ, दोराचे पीळसुद्धा दिसतात! आमच्या वेळी गलबत म्हणजे चार चौकोन आणि दर्या म्हणजे निळी पट्टी.” पण कौतुक संपलं की कुरकुर सुरू. नवं संगीत त्याला लग्नाच्या बँडसारखं वाटलं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्यानं जुने आवाज लावले. जुन्या गेममध्ये शेवटी बंदराच्या तोंडाशी तांबडा दिवा असायचा. नव्या गेममध्ये तो काढून तिथे रोषणाईचं अख्खं शहर उभं केलंय, हे त्यानं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. त्याचा त्याला भारी राग. अर्थात राग करायला तिथवर पोचायला हवं. खडकांच्या खाडीत बनवणाऱ्यांनी धुकं इतकं सुरेख उतरवलं होतं, की खडकच दिसत नव्हते. गलबत फुटलं. परत फुटलं.

“डावीकडे घे रे, वाजतंय ना ते,” दिवाणावरून आवाज आला.

“अम्मी, तुला काय कळतंय त्यातलं?”

“तू शाळेत गेलास की दुपारभर कोण खेळायचं? मांजर?”

कैस हसत सुटला. चेष्टेचेष्टेत त्यानं कंट्रोलर आईच्या हातात दिला.

आतिफाबींनी ओढणी कानामागे सारली. मान थोडी कलती केली. अंगठे चाचपत बटणांवर गेले आणि तिथे घरच्यासारखे बसले. टुकटुक आली की डावीकडे. घंटा झाली की उजवीकडे. वारा घोंघावला की थांबायचं, श्वास रोखून. पडद्यावर धुकं दाट होत गेलं, कैस “खडक असेल, अम्मी, खडक!” म्हणून ओरडत राहिला आणि गलबत प्रत्येक खडकाला बगल देत पुढे सरकत राहिलं. मग एकदम तुतारी वाजली. धुकं फाटलं. दिव्यांचं शहर झगमगलं, आभाळात फटाके फुटले.

“जिंकलीस अम्मी! मला नाही जमलं ते तू केलंस!” कैसनं आईला मिठीच मारली.

आतिफाबींचा चेहरा फुलला होता. कित्येक दिवसांत बिल्किसनं तो तसा पाहिला नव्हता. “उगाच नावं ठेवत होतास रे. काहीच तर बदललं नाही. तो बघ, तस्साच आहे तांबडा दिवा.”

कैस हसून हसून लोळला. बिल्किस हसली नाही. तिनं पडद्याकडे पाहिलं. तिथे तांबडा दिवा नव्हता. तिला एकाच मापाच्या दोन बाटल्या आठवल्या. चहाचा कप आठवला. जेट्टीवर आपणहून न बोललेली बहीण आठवली. चंद्राबाई आठवली.

ती आफराला घेऊन सासूच्या समोर बसली. “अम्मी, आफरानं कुठल्या रंगाचा फ्रॉक घातलाय?”

आतिफाबींनी कंट्रोलर खाली ठेवला.

“डोळ्यांचं सांगितलं असतं,” त्या पुटपुटल्या, “तर पोर माझ्याकडून काढून घेतली असती तुम्ही.”

बिल्किसनं आफराला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. “पिवळा आहे फ्रॉक, अम्मी. आणि या डोक्याबद्दल मी भलतंच समजून बसले होते. या डोक्यानं तर आत्ता न बघता दर्या पार केला.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. शेवटची पट्टी निघाली तेव्हा आतिफाबींनी आधी आफराचे नवे दात पाहिले, डोळे भरून पाहिले. मग घरी येऊन टीव्ही लावायला सांगितला.

“या अल्ला! हे काय करून ठेवलंय? माझा तांबडा दिवा कुठाय?”

बिल्किस पोट धरून हसत होती, तेवढ्यात चंद्राबाई पाटी घेऊन दारात येऊन उभी राहिली. मुद्दाम एक शब्दही न बोलता.

“चंद्रे, अशी मुक्यानं काय उभी? आणि ही साडी कधी घेतलीस गं?”

तुमच्या घरात कुणी वयस्क माणूस असेल, तर आज त्यांच्यासमोर असंच जाऊन उभे राहा. हाक मारू नका. ओळखतात का, तेवढं बघा.