सव्वीस वळणांचा बेत

शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि नकाशावरच्या घाटरस्त्यावर एकेक वळण धरून लावत नेली.

"सव्वीस वळणं," तो म्हणाला. "आणि सरळ शिवण एकही नाही."

चौघे गॅरेजमधल्या कामाच्या टेबलाभोवती उभे होते. नकाशाचे कोपरे उडू नयेत म्हणून चार जुने स्पार्क प्लग ठेवले होते. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर उतारावर कोणता गिअर ठेवायचा ते समजावून सांगत होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. औषधांचा दुकानदार मात्र नकाशाकडे बघायचंच टाळत होता. जगाला उलटीच्या गोळ्या विकणारा हा गृहस्थ दर सहलीत तिसऱ्याच वळणावर गाडी थांबवायला लावायचा.

"तुझ्यासाठी पिशव्या शिवल्यात," शिंपी त्याला म्हणाला. "डबल शिलाईच्या."

गॅरेजवाला हसला. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण बॉनेटला कान लावून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. तो हसला हे तिघांनीही पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. दोन वर्षांत तो असा हसला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरचा एकुलता एक मुलगा गाडी घेऊन दुसऱ्या एका घाटात गेला आणि परत आला नाही. आदल्या संध्याकाळी गाडी डॉक्टरनेच तपासून दिली होती. वळणावर कुठल्याशा ट्रकचं तेल सांडलं होतं, त्यावरून ती घसरली. चौकशीच्या कागदात तसं स्पष्ट लिहिलं होतं, आणि तो कागद तिघांनी स्वतः वाचला होता. शंकेला जागाच नव्हती. म्हणून मग त्याबद्दल डॉक्टरशी कोणी कधी बोललंही नाही. जखमेवर मीठ कशाला चोळायचं, असं म्हणून जो तो गप्प राहिला.

तेव्हापासून डॉक्टरने एकाही गाडीच्या ब्रेकला हात लावला नव्हता. टायर बदलायचा, ऑइल बदलायचा, बिघडलेला हॉर्न दुरुस्त करायचा. ब्रेकचं काम आलं की म्हणायचा, पुढच्या गॅरेजात जा. गिऱ्हाइकं हळूहळू तिकडेच जायला लागली. "असं किती दिवस चालायचं?" बायकोने एकदा विचारलं. तो चपला घालून गॅरेजात निघून गेला. तिने पुन्हा विचारलं नाही.

या वेळी सहलीचा बेत त्यानेच काढला होता. तिघांना स्वतः फोन केले. फळ्या टाकून बंद केलेला, गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा उघडला, दोन दिवस खपून साफ केला. पूर्वीचा शिरस्ता ठरलेला होता. घाटात जायच्या आधी तिघांच्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. तो चाकं उतरवून ब्रेक बघायचा, स्वतः एक चक्कर मारून यायचा आणि मगच किल्ली परत द्यायचा. तोवर गाडीत एक पिशवीसुद्धा ठेवायची कोणाला परवानगी नव्हती.

पुन्हा सुरुवात करायची तर या तीन गाड्यांपासूनच, असं त्याने ठरवलं होतं. परक्याच्या ब्रेकला हात लावायला त्याचा जीव धजत नव्हता. पण ज्यांनी आपल्याला आतून-बाहेरून ओळखलंय, त्यांनी विश्वासाने किल्ली हातात ठेवली, तर कदाचित जमेल, असं त्याला वाटत होतं. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. रात्री तीनदा लिहून तीनदा फाडून झाल्यावर चौथ्यांदा लिहिलेली.

"बरं, ऐका," तो म्हणाला. "सोमवारी शिंप्याने गाडी आणायची. मंगळवारी..."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ही वेळ येणार हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी तयारी करून ठेवली होती. डॉक्टरसमोर ब्रेकचं नावही काढायचं नाही, अशी इतर दोघांना त्यांनी आठवडाभर आधीच ताकीद दिली होती.

"त्याची काळजी तू करूच नकोस," मास्तर हळूच म्हणाले. "आम्ही तिघांनी परवाच गाड्या दाखवून आणल्या. चौकातल्या त्या मोठ्या गॅरेजात. सगळं तपासून घेतलं."

"ब्रेकचे पॅडसुद्धा नवे टाकले," शिंपी म्हणाला आणि मास्तरांकडे बघून त्याने जीभ चावली. मग घाईने म्हणाला, "म्हणजे तुला आता कसलाच त्रास नाही. तू फक्त गाडीत येऊन बसायचं."

दुकानदाराने मान डोलावली. तिघांनाही मनातून बरं वाटत होतं. मित्रासाठी करता येण्यासारखं एवढंच होतं, आणि ते त्यांनी न बोलता केलं होतं.

डॉक्टरने बाजूचं फडकं उचललं आणि हात पुसायला लागला. पुसण्यासारखं हाताला काही लागलेलं नव्हतं. तो पुसत राहिला.

"काय झालं रे?" मास्तरांनी विचारलं. "तुला पुन्हा ते सगळं आठवायला नको म्हणूनच केलं आम्ही."

त्याने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर तिघांना सोपं गेलं असतं.

"दोन वर्षं मी रोज स्वतःला विचारतोय, त्या संध्याकाळी मी ब्रेक नीट बघितले होते का," तो म्हणाला. "तुम्हालाही तीच शंका आहे तर."