शेजारणीचं दुखणं

नातीचे दुधाचे दात पडायला लागले, त्या वर्षी आजी लिहायला शिकली. बासष्टाव्या वर्षी. जन्मभर तिने लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली होती. आता मधूनच इस्त्री उभी करून ती फोनवर एकेक अक्षर शोधून दाबायची.

शिकवणारी तिची लेक. लेक कचेरीत पत्रं लिहायची आणि दिवसभर तिची गाठ चॅटबॉटशी असायची. तो शब्द आईच्या जिभेवर बसेना, म्हणून घरात त्याचं नाव मशीनच पडलं.

लेकीने आईकडून सगळं घोटून घेतलं होतं. दुखणं कुणाचं, वय काय, कधीपासून, हे सगळं सांगायचं. लपवायचं काही नाही.

"त्याला तुझा चेहरा दिसत नाही, आई. तू लिहिशील तेवढंच त्याला कळणार."

आणि उत्तर आलं तरी ज्याचं दुखणं त्याला विचारून खात्री करायची, हेही तिने दहादा बजावलं होतं.

आईची खोड वेगळीच होती. आपलं दुखणं ती आपल्या नावावर कधी घ्यायचीच नाही. गुडघा सुजला तेव्हा तिने लिहिलं, शेजारणीचा गुडघा दुखतो. दाढ ठणकली, तीही शेजारणीचीच. शेजारी एक काजेवाली राहायची. शर्टांना काजं करून पोट भरणारी एकटी बाई. तिला अक्षरओळख नव्हती आणि फोनही नव्हता. हे ऐकून ती पोट धरून हसायची.

"सगळे आजार माझ्या नावावर खपव. एखादा तरी माझा मला ठेव गं."

त्या बुधवारी लेक अर्धी सुट्टी टाकून दुपारी दोनला घरी आली, तेव्हा आई टेबलाशी उभी होती. कपाळावर घाम. इस्त्री थंड, कपडे तसेच पडलेले. फोनवर लिहिलेलं लेकीने खांद्यावरून वाचलं. शेजारणीच्या छातीवर सकाळपासून दगड ठेवल्यासारखं होतंय. वय पासष्ट. काय करावं?

खाली उत्तर आलेलं होतं. त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्या. एकटं सोडू नका.

कुठे दुखतंय, असं लेकीने विचारलं.

आईने आपल्या डाव्या खांद्यावर बोट ठेवलं आणि कोपरापर्यंत खाली आणलं. "इथून इथपर्यंत."

"तुला?"

"मला कशाला? काजेवालीला. म्हणते, तुझं मशीन म्हणालं तर येते दवाखान्यात."

गुडघ्याच्या वेळी दोन आठवडे हेच चाललं होतं, अगदी याच शब्दांत. या वेळी तर वयसुद्धा तीन वर्षांनी वाढवलेलं. लेकीने फोन हातात घेतला. 'शेजारणीच्या' खोडून 'आईच्या' केलं, पासष्टचं बासष्ट केलं आणि पुढे लिहिलं, ती कबूल करत नाही.

उत्तर लगेच आलं. अशा वेळी बरेच जण त्रास नाकारतात. वाद घालण्यात वेळ दवडू नका.

लेकीने वेळ दवडला नाही. जिन्यात आईने काजेवालीच्या दारावर थाप मारली, एकदा, दोनदा. आतून कडी काढल्याचा आवाज आला, तोवर लेकीने दंडाला धरून तिला अर्धा जिना उतरवलं होतं. आल्यावर सांगू तिला, असं ती म्हणाली. गाडीत आई सारखी एकच गोष्ट घोकत राहिली, मला काही झालेलं नाही, गाडी मागे फिरवायला सांग. लेकीने तिचा हात घट्ट धरून ठेवला. बाप असाच, नाही नाही म्हणता म्हणता गेला होता. आईला ती तशी जाऊ देणार नव्हती.

रुग्णालयात आईला आडवं केलं, छातीला तारा लावल्या आणि गप्प पडायला सांगितलं. रक्त दोनदा तपासलं, मध्ये तीन तास. लेक बाहेर बाकावर नखं खात बसली. संध्याकाळी डॉक्टर हसत बाहेर आले.

"यांचं हृदय ठणठणीत आहे. अजून वीस वर्षं इस्त्री करतील."

लेक आधी रडली, मग हसली. आईला म्हणाली, किती घाबरवलंस. आई हसली नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वाकून चपला शोधायला लागली.

परतल्यावर आई आपल्या दाराशी थांबलीच नाही. शेजारचं दार नुसतं लोटलेलं होतं.

काजेवाली खुर्चीत बसलेली होती. धुतलेली साडी, पायात चपला, मांडीवर दवाखान्याची पिशवी. त्या बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास ती वारली. वय वर्षं पासष्ट.