बर्फाचा खण

सिस्टरने थर्मासमधून इन्सुलिनची बाटली काढली, खिडकीकडे धरली आणि पालथी केली. आतलं औषध जागचं हललं नाही.

"आजी, ही घरी कुठे ठेवत होतात?"

"फ्रिजात. वरती, बर्फाच्या खणात," धुरपदाबाई म्हणाल्या. सांगताना त्यांना बरंच वाटलं. निदान या बाबतीत तरी कुणी बोट दाखवणार नव्हतं. "आमच्या गावचं, सावद्याचं ऊन तुमाले मालूम नही, बाई. दवाखान्यात सांगेल होतं, थंड जागी ठेवा. रोज मुठीत धरून पातय करायचं, मंगच टोचायचं."

सिस्टर स्टुलावर बसली. राग तिने गिळला असावा.

"गोठलं की हे औषध वाया जातं, आजी. मग टोचलं काय आणि न टोचलं काय."

खाटेवर त्यांचा नऊ वर्षांचा नातू, नवीन, कालपासून डोळे मिटून पडला होता. छाती भात्यासारखी चालली होती. पोरगं शुद्धीवर येईल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात.

धुरपदाबाईंची नजर त्याच्या दंडावर गेली. तिथे फोकाचे वळ होते.

पंधरवडाभर मशीनवर नवीनची साखर चढतीच होती. सुई वेळच्या वेळी, भाकरी मोजून. मग साखर येते कुठून? ओसरीत केळीचे घड टांगलेल्या घरात दुसरं काय सुचणार? पोरगं चोरून खातंय, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. "केयं नही खाल्लं व आजी," तो म्हणत राहिला, आणि नाही म्हणतो म्हणून धुरपदाबाईंचा हात जास्तच चालला. शेवटपर्यंत त्याने कबूल केलं नाही. केवढं निगरगट्ट कार्टं, असं त्या शेजारणीला म्हणाल्यासुद्धा होत्या.

 बाटली हातात घेऊन त्यांनी ती सवयीने मुठीत धरली.

दुपारी नवीनच्या पापण्या हलल्या. सिस्टर धावत आली.

"नवीन, बघ बरं, कोण आहे?"

त्याने पाहिलं. ओळखलंही. धुरपदाबाईंना रडू आवरेना. देव पावला, म्हणत त्या पुढे झाल्या आणि त्याच्या कपाळावरून फिरवायला त्यांनी हात उचलला.

सलाइन लावलेला हात त्याने तोंडावर आडवा धरला.

"खाल्लं व आजी," तो म्हणाला. "मी केयं खाल्लं."