धान्याचं दुकान

"फक्त किराणावाल्यांना परवानगी," साहेब म्हणाले आणि काचेखालून कागद पुढे सरकवला. "हार्डवेअर नाही. पटत असेल तर सही करा, नाहीतर सगळेच बंद राहतील."

वहिनींनी पेन हातात धरलं. त्यांच्या किराणा दुकानाशेजारी हार्डवेअरचं दुकान चालवणारे त्यांचे दीर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळी गल्लीच म्हणायची. साथ आल्यापासून छोट्या दुकानदारांच्या वतीने या कचेरीत त्याच खेटे घालत होत्या. कोपऱ्यावरचा मार्ट उघडा होता. तिथे पिठाच्या पिशव्यांशेजारी नळ, बल्ब, कुलुपं बिनदिक्कत विकली जात होती. वहिनींनी तेच साहेबांपुढे मांडलं. साहेब मास्कच्या आतून थकल्या आवाजात म्हणाले की, मार्ट धान्य विकतो आणि धान्य विकणाऱ्याला बंद करता येत नाही. तो आणखी काय विकतो हे बघत बसायला त्यांच्याकडे माणसं नाहीत.

बाहेर उन्हात किराणावाले उभे होते. त्यांच्या डाळींना कीड लागत होती. त्याच उन्हात हार्डवेअरवालेही उभे होते. इकडे आड, तिकडे विहीर. वहिनींनी सही केली.

हार्डवेअरवाल्यांत उभे असलेले दीर मान खाली घालून निघून गेले.

नवरा गेल्यावर वहिनींना दुकानात उभं केलं ते याच दिरांनी. नातेवाईक दुकान विकून टाका म्हणत होते, तेव्हा ते एकटे आडवे आले होते. माप कसं धरायचं, गोड बोलून गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, सगळं त्यांनीच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या दुकानापुढे रांग लागली. शेजारी दीर अर्ध्या शटरमागे अंधारात बसून होते. घरी बसवत नव्हतं, दुकान उघडता येत नव्हतं. त्यांचा फोन सारखा वाजत होता. कोणाचा नळ निखळला होता, कोणाच्या पंपाची वायर जळली होती. माणसं घरात कोंडलेली आणि घरं एकेका जागी मोडत चाललेली. दीर सगळ्यांना मार्टात बघा म्हणून सांगत होते. गस्तीची गाडी समोरच उभी असायची. शटरखालून एक वॉशर सरकवायची सोय नव्हती. वहिनींनी शटरपाशी ठेवलेला चहा साय धरून तसाच गार झाला.

दुपारी रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, मार्टातला नळ आमच्या पाइपाला बसत नाही, घरभर पाणी झालंय, तुमच्या दिरांकडे मिळेल का?

"त्यांचं बंद आहे, काका," वहिनी म्हणाल्या. "आम्ही धान्य विकतो म्हणून आमचं..."

हातातली तांदळाची पिशवी बांधायची राहिली. रांग तशीच सोडून त्या आत गेल्या, तांदळाच्या एका गोणीचे कान धरले आणि ओढत ओढत ती फुटपाथवर आणली. पदर खांद्यावरून घसरला, धाप लागली. दिरांच्या शटरपुढे गोणी उभी करून त्यांनी तिचं तोंड उसवलं.

गस्तीवरचा शिपाई काठी आपटत आला. इथे काय चाललंय, म्हणून त्याने दरडावलं.

"हेसुद्धा धान्याचं दुकान आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या साहेबांनाच विचारा, बंद करता येतं का."

त्याने तिथेच फोन लावला. बराच वेळ ऐकत राहिला. एकदा तांदळाकडे बघितलं, एकदा आतल्या पाइपांकडे. मग फोन खिशात टाकला आणि गाडीकडे चालू लागला. समोरच्या ओळीतले किराणावाले एकमेकांकडे बघू लागले. एकजण शेजारच्या हार्डवेअरवाल्यासाठी गोणी आणायला आत गेलासुद्धा.

शटर खडखडत पूर्ण वर गेलं. दीर उजेडात डोळे चोळत उभे राहिले. त्यांनी गोणीकडे पाहिलं, मग वहिनींच्या घामेजल्या चेहऱ्याकडे. खिळे तोलायचा तराजू पुढे ओढला आणि त्याचं गंजाळलेलं पारडं सदऱ्याच्या टोकाने घासून घासून पुसलं.

"भाव काय लावू, वहिनी?"