गळ्यावरची गाठ

"गळ्याची सोनोग्राफी कोणावर करून दाखवू?" डॉ. खरोटे मॅडमनी विचारलं, तसा तन्वीर मुजावर हसत टेबलावर आडवा झाला. एमबीबीएसच्या मुलांचा रेडिओलॉजी विभागातला तो पहिलाच तास होता.

"ही श्वासनलिका, ही धडधडते ती रक्तवाहिनी आणि ही थायरॉइडची ग्रंथी," प्रोब फिरवत मॅडम सांगत होत्या. डावीकडे त्यांचा हात थबकला. पडद्यावर वेड्यावाकड्या कडेची एक काळसर गाठ दिसत होती.

"मॅडम, ते काय..." मुक्ता चोरघेने बोट दाखवलं. मॅडमनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मुक्ताने हात खाली घेतला. "आता उजवी बाजू बघू," म्हणत मॅडम त्याच आवाजात पुढे शिकवत राहिल्या.

तास संपल्यावर त्यांनी तन्वीरला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि गाठीचं सांगितलं. "सुईने तपासून घेऊ. वाईट निघाली तरी बहुतेक वेळा हे बरं होतं." तो म्हणाला, "मॅडम, घरी मीच सांगतो. अम्मीला बाहेरून कळायला नको."

गाठ कॅन्सरची निघाली, पण वेळेत सापडल्याने ऑपरेशन नीट पार पडलं. महिन्याभराने तो कॉलेजात आला, तेव्हा मुलं त्याच्याभोवती जमली. कसं कळलं, कधी कळलं, सगळे एकदम विचारू लागले. मुक्ताने एवढे दिवस कोणालाच काही सांगितलं नव्हतं. ती गर्दीतून पुढे आली आणि त्याच्या गळ्यावरच्या ताज्या व्रणाकडे न बघता म्हणाली, "चल, आधी चहा घेऊ."