जाणता नवरा

मुद्रितशोधक जिना चढून आला तेव्हा कोशकार जेवणाच्या टेबलाशी आधीच ठाण मांडून बसला होता, आणि ती त्याच्या कसल्याशा बोलण्यावर हसत होती. बूट काढून त्याने पाय शेजारच्या खुर्चीवर ताणले होते, घर जसं काही त्याच्या बापाचं.

"उशीर केलास," ती म्हणाली आणि मुद्रितशोधकाच्या हातातली द्राक्षांची पिशवी घेऊन आत गेली. द्राक्षं तिला आवडतात म्हणून त्याने वाट वाकडी करून आणली होती. बशीत घालून तिने ती कोशकाराच्या पुढ्यात ठेवली, आणि मुद्रितशोधकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

जुन्या इंग्रजी शब्दांच्या कोशाचं काम वर्षभर ह्याच टेबलावर चाललं होतं. कोशकाराने अर्थ लिहायचे, तिने टाइप करायचे, मुद्रितशोधकाने चुका काढायच्या. कामापुरतं काम असतं तर त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण कोशकाराने विनोद केला की ती हसे, तो खोकला की पाणी आणे, आणि मुद्रितशोधकाला प्रुफातला साधा स्वल्पविराम दिसेनासा होई. समाधान एवढंच, की कोशकाराशी ती अहो-जाहो करायची आणि मुद्रितशोधकाला अरे म्हणायची. जवळचं माणूस कोण, हे सांगायला आणखी काय लागतं?

"आज गमतीचा शब्द आहे," कोशकार म्हणाला. "विटॉल."

मग त्याने ऐटीत शब्दाची कुळकथा सांगितली. बायकोने फसवलेल्या नवऱ्याला इंग्रजांनी कुक्कू पक्ष्यावरून 'ककोल्ड' नाव ठेवलं होतं, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या. पुढे कुणा टवाळाने त्या शब्दातला पक्षी उडवून लावला आणि त्याच्या जागी 'विट', म्हणजे 'जाणणं', आणून बसवलं. झाला विटॉल तयार: बायकोचं दुसरीकडे सूत जुळलंय हे पक्कं ठाऊक असून गप्प बसणारा नवरा. शब्द मेला, नवरे काही मेले नाहीत, असंही तो वर म्हणाला.

मराठीत काय म्हणायचं, यावर मग दोघांची जुंपली. तिने 'विटलेला' सुचवलं, त्याने 'डोळ्यांवर कातडं ओढलेला'. दोघं पोट धरून हसली. मुद्रितशोधकाला हसू येईना. हा शब्द याने मुद्दाम उकरून काढलाय, आपल्या तोंडावर फेकायला, अशी त्याची खात्री पटली.

हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "पण तो गप्प का बसत असेल?"

"बोललं की तिला निवडावं लागतं," कोशकार प्रुफातून मान वर न करता म्हणाला. "आणि ती दुसऱ्याला निवडेल, ही भीती."

मुद्रितशोधक चपापला. हीच भीती त्याला वर्षभर खात होती. ती गेली तर आपल्याला जगात दुसरं कुणी नाही, हे ठाऊक होतं म्हणूनच तो दातओठ खात गप्प राहिला होता. पण कुढण्यालाही काही मर्यादा असते. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्ही हिला सोडा," तो म्हणाला. "आता काय तो सोक्षमोक्ष लागू दे."

कोशकाराने चष्मा काढला. त्याची सगळी ऐट उतरली होती. "तिलाच विचार," तो म्हणाला. "ती म्हणेल ते मला मान्य."

मुद्रितशोधकाच्या जिवात जीव आला. तिचं उत्तर काय असणार याबद्दल त्याला शंका नव्हती. गेले कित्येक महिने ती त्याच्या कानात तेच तर सांगत आली होती.

तिने टेबलावरची अर्धी झालेली द्राक्षांची बशी बाजूला सारली. मग उठून तिने दार उघडलं.

"घरी जा तू," ती मुद्रितशोधकाला म्हणाली. "आणि उद्यापासून येऊ नकोस."

चपलांत पाय सरकवून तो जिना उतरायला लागला, तेव्हा वर ती नवऱ्याला जेवायला वाढू का, असं विचारत होती.