दुधाने सुटलेले कण

कंपनीने बोअरमध्ये लोहखनिजाची अतिसूक्ष्म भुकटी सोडल्यापासून गावाचं पाणी शुद्ध झालं होतं. तिचे कण पाण्यातलं, हाडं वाकवणारं फ्लोराइड धरून खडकाला चिकटून बसत. "देवच पाताळात उतरला," असं कीर्तनात सांगून द्वारकाबाईंनीच दर सोमवारी बोअरला दूध घालायची रीत लावली, त्याला पाच वर्षं झाली.

आज त्या खालच्या वाडीतून, लेकीकडून, तणतणत आल्या. बोअरपाशी बाया दुधाचे तांबे घेऊन उभ्या होत्या आणि कंपनीचे साहेब कॅमेरा लावून.

"साहेब, वाडीच्या विहिरीत तांबडा गाळ कुठला?"

साहेब चाचरले. "दुधाचा लेप बसला की कण खडक सोडतात, मावशी. विष घेऊन खाली वाहतात."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच वर्षी. पण लोकांच्या भावना..."

"माझ्या नातीचे पाय वाकलेत. मला कळत नव्हतं म्हणून मी दूध ओतलं. तुम्हाला कळत होतं, तरी जाहिरातीला फोटो काढत बसलात?"

साहेबांचा हात कॅमेऱ्याकडे गेला.

"बंद करू नका," द्वारकाबाई बोअरच्या ओट्यावर चढल्या. "बायांनो, दूध घरी न्या, लेकरांना पाजा. आजचं कीर्तन इथंच. आधी माझी चूक सांगते, मग ह्यांची."